आईच्या खोलीत भोंगा वाजत नाही

१५ ऑक्टोबर २००२, दसरा

आज देवरामआबांच्या शीतगृहाची पूजा झाली. निफाडच्या अलीकडे रस्त्याला लागून मोठी पांढरी इमारत आहे. आत चार थंड खोल्या, आणि पुढे द्राक्षं निवडून खोक्यांत भरायचा लांबलचक हॉल. खोल्या गार ठेवणारा अमोनिया नळ्यांतून फिरतो. नळी कुठे गळली तर तो गॅस डोळे आणि घसा जाळतो, आणि जास्त गळला तर माणूस दारापर्यंतही पोचत नाही. म्हणून प्रत्येक खोलीत गॅस ओळखणारा एक सेन्सर, ऑफिसात कॉम्प्युटर, हॉलमध्ये लाल अक्षरांची पाटी आणि तिच्यावर भोंगा. वायरी, पाटी आणि भोंगा दीपकचा, प्रोग्रॅम माझा. आमच्या कंपनीत तिसरं कोणी नाही.

मी हे काम नको म्हणत होतो. पतसंस्थेचे टोकन-बोर्ड बरे, चुकलं तर लोक फार तर शिव्या देतात. दीपक म्हणाला, "कुंद्या, तुला घाबरायची नोकरी लागली असती ना, तर तू एक दिवस रजा घेतली नसतीस." खोटं नाही. मी घरून निघाल्यावर गॅसचं बटण बघायला दोनदा परत येतो.

पाटी मराठीतच हवी हा आबांचा हट्ट, आणि तो बरोबर आहे. पण कॉम्प्युटर मराठी अक्षरं 'वाइड' ठेवतो, म्हणजे ऐसपैस, आणि दीपकच्या पाटीला ती 'नॅरो' लागतात, एकेका बाइटच्या बारीक तुकड्यांची रांग. एका मराठी अक्षराचे तिकडे तीन तुकडे होतात. परातीतलं तांब्यात ओतायचं, तसं हे इकडून तिकडे ओतायचं काम माझं. बायकोला, शुभांगीला, असं समजावलं तर ती म्हणाली, एवढ्यासाठी इंजिनियर कशाला व्हायचं?

एक गोष्ट मात्र मी हट्टाने करून घेतली. पाटीवर मजकूर आल्याशिवाय भोंगा वाजायचा नाही. नुसताच भोंगा वाजला आणि कुठली खोली ते कळलं नाही, तर द्राक्षं निवडणाऱ्या बाया घाबरून नेमक्या गॅसच्या दारानेच पळायच्या. दीपकला हे पटलं. माझ्या भित्रेपणाचा एवढा तरी उपयोग झाला.

गेल्या आठवड्यात चारही खोल्यांत अमोनियात बुडवलेली चिंधी सेन्सरखाली धरून पाहिली होती. चारही वेळा पाटी पेटली, भोंगा वाजला. आज नारळ फुटल्यावर आबा म्हणाले, चार नंबरच्या खोलीला आईचं नाव द्यायचं. आई गेल्या वर्षी गेली, आणि शीतगृह तिच्याच जमिनीवर उभं आहे. संगमरवरी पाटी तयार होती: 'वैकुंठवासी ह.भ.प. मातोश्री लंकाबाई सावळीराम पाटील स्मृती शीतकक्ष'. कॉम्प्युटरवरही हेच नाव हवं, त्यातलं एक अक्षर कमी चालणार नाही. दीपकने 'खोली चार' पुसून तिथल्या तिथे ते टाइप केलं. मी म्हटलं, एकदा चिंधी धरून बघू या. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की चिंधी माझ्या हातातच राहिली.

"आज नको. दसऱ्याच्या दिवशी आईच्या दारात बोंब नको."

खोली तीच, वायर तीच, फक्त नाव बदललंय. पुन्हा कधी गेलो की बघू. सोनं वाटलं, श्रीखंड जरा जास्तच खाल्लं आणि परत आलो.

९ जानेवारी २००३

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला आणि माझी झोप गेली. सकाळी फोन वाजला. पलीकडे बहिरू, तिथला ऑपरेटर. "साहेब, दोन नंबरला भोंगा झाला," एवढं तो म्हणाला आणि मी स्कूटरची किल्ली शोधायला लागलो. पण तो खुशीत होता. थोडासा गॅस होता, पाटीवर 'खोली दोन' आलं, बाया बाहेर आल्या, त्याने मास्क लावून व्हॉल्व्ह आवळला. कोणाला काही झालं नाही.

दीपकने मिसळ आणली. मी अर्धी खाल्ली आणि बशी बाजूला सारली. खराच गॅस होता. म्हणजे हा खेळ नाही.

शुभांगीची धाकटी बहीण पूजा परवापासून तिथे कामाला लागली आहे. भरलेल्या खोक्यांचं वजन तपासायचं. माहेर निफाडजवळच, सायकलने जाऊन-येऊन करते. सासरे म्हणाले, जावयाचं मशीन आहे तिथे, काळजी कसली. त्यांनी हे बोलायला नको होतं.

२६ जानेवारी

झेंडावंदनाची सुट्टी. पूजा आली होती. शीतगृहाच्या गमती सांगत होती, बहिरूची नक्कल तर हुबेहूब. भोंगा आतापर्यंत एक, दोन आणि तीन नंबरला वाजून झालाय. एकदा खरा, बाकी वेळा कोणी फिनाइल जास्त ओतलं म्हणून. पण आईच्या खोलीत एकदाही नाही. चार नंबर कोणी म्हणतच नाही आता, सगळे 'आईची खोली' म्हणतात. बहिरू सांगतो, "आई राखती. तिच्या खोलीत भोंगा नाय व्हायचा." सकाळी येताना बाया तिच्या पाटीला हात लावून मग कामाला लागतात, कोणी फूलही ठेवतं. आणि डबे खायला सगळ्या तिच्याच दारासमोरच्या बोळात बसतात. बाकी कुठे बसलं की भोंगा वाजतो आणि भाकरी टाकून पळावं लागतं.

मी हसलो. पण खरं सांगायचं तर बरं वाटलं. चारांतली एक खोली तरी मला छळत नाही.

९ फेब्रुवारी

आज जावई असल्याचं पाप फेडलं. पूजाला मनमाडचं स्थळ आलंय, मुलगा रेल्वेत आहे, घरदार चांगलं. आणि ही गेला आठवडाभर डोळे लाल करून फिरते. सासूबाई म्हणतात, रात्री रडत असणार, मनात दुसरं कोणी असणार. सासरे तोंड फुगवून बसलेत. शेवटी तिला समजावायचं काम थोरल्या जावयावर आलं.

मी तिला गॅलरीत नेऊन बरंच बोललो. आईवडिलांची इज्जत, रेल्वेची नोकरी, वगैरे. मला अशी भाषणं मुळीच जमत नाहीत, त्यात समोरच्याचे डोळे सारखे पाण्याने भरत असले तर अजिबात नाही. तिने एकदाच विचारलं, "दाजी, मी कुठं नाही म्हणते?" आणि खोकायला लागली. रडता रडता ठसका लागला असावा. मी तिला पाणी दिलं आणि सुटलो.

नंतर शुभांगी मला म्हणाली, तुम्ही तिला आणखीच रडवलंत.

१७ फेब्रुवारी

नांदगावला गेलो होतो. तिथल्या एका पतसंस्थेत आमचा टोकन-बोर्ड आहे, त्यात आबांच्या पाटीचाच प्रोग्रॅम थोडा बदलून घातलाय. सभासदाचा नंबर लागला की नाव लाल अक्षरांत येतं. तक्रार अशी की काही नावं येतच नाहीत, बोर्ड कोरा राहतो आणि माणूस बसून राहतो. बघितलं तर मोठमोठी नावं. एकाने सभासद म्हणून नाव लिहिताना पदव्या, 'माजी सरपंच', वाडी, पोस्ट सगळं घातलंय. मी क्लार्कला सांगितलं, नावं लहान करा. त्याने केली, बोर्ड चालू झाला. दहा मिनिटांचं काम, येताना गाडीत छान झोप लागली.

दीपक म्हणाला, बघ, किती सोपं असतं सगळं. तू उगीच जिवाला लावून घेतोस.

२२ फेब्रुवारी

आबांचा फोन. आवाज चढलेला. आईच्या खोलीतला माल डागाळतोय, मणी तपकिरी पडतायत, एजंटाने एक गाडी परत पाठवली. आबांचा संशय खोक्यांतल्या कागदावर आहे, बागाईतदारांवर आहे, आणि थोडासा माझ्यावरही: पडद्यावर तापमान बरोबर दिसतं का? मी जाऊन काचेच्या थर्मामीटरशी ताडून पाहिलं. तंतोतंत बरोबर. माझ्या प्रोग्रॅमचा दोष नाही असं आबांसमोर म्हणता आलं, याचा इतका आनंद झाला की त्यांच्या मालाचं वाईट वाटायचंच राहून गेलं.

तिथे गॅसचा वास येतो, पण तो सगळ्याच शीतगृहांत थोडाफार असतो म्हणे. बहिरू म्हणतो, चार दिवसांत नाकाला सवय होते.

२७ फेब्रुवारी

पूजाचा आवाज बसलाय. मनमाडचे लोक रविवारी येणार होते, तो कार्यक्रम पुढे ढकलला. सासूबाई फोनवर शुभांगीला सांगत होत्या, नाटकं आहेत सगळी, कामावर जायला बरा जोर येतो. शुभांगीने तिला चार दिवस इकडे यायला सांगितलं, तर नको म्हणाली. हंगाम ऐन भरात आहे, खाडा केला तर दुसरी कोणी घेतील.

माझ्या घरात काय चाललंय ते मला कळत नाही आणि कळून घ्यायची भीती वाटते. असो.

१ मार्च, महाशिवरात्र

सीडी तयार होतेय. ती होईपर्यंत लिहितो, नाहीतर हात काय करतील सांगता येत नाही.

आज सुट्टी, त्यात भारत-पाकिस्तान मॅच, म्हणून ऑफिसात मी एकटाच. सकाळी नांदगावच्या क्लार्कचा फोन आला होता. तिथली एक नवसाबाई म्हणून सभासद अडून बसली आहे, अर्धं नाव लावलेलं टोकन घेणार नाही म्हणते. मी वैतागून म्हटलं, बरं, आज नीटच दुरुस्त करतो. आणि माझाच प्रोग्रॅम उघडून वाचायला बसलो.

वाइडचं नॅरो करायला मी एक ठराविक जागा बाजूला काढून ठेवली होती. एकशे अठ्ठावीस बाइट. का? 'खोली एक, गॅस, बाहेर पडा' याला भरपूर होतात म्हणून. जास्त मोठा मजकूर आला तर? तर सिस्टिमचं ते फंक्शन सांडत नाही, अर्धंही ओतत नाही. ते ओततच नाही. काही न करता 'शून्य' असं उत्तर देऊन परत येतं. आणि मी त्या उत्तराकडे कधी पाहिलंच नाही. मग पाटीकडे काय जातं? काहीच नाही. कोरी पाटी.

हे कळल्यावर मी आधी हसलो. नवसाबाईचं बरोबर होतं असं मनात म्हटलं. मग कागदावर सहज मोठ्यातलं मोठं नाव लिहून अक्षरं मोजायला घेतलं. हाताला जे नाव आलं ते वैकुंठवासी ह.भ.प. मातोश्री. 'सावळीराम'पर्यंत आलो आणि पेन्सिल थांबली. नुसतं नावच बसत नाही. त्यापुढे गॅसचा मजकूर वेगळाच.

आणि मजकूर आल्याशिवाय भोंगा वाजायचा नाही, हे मीच करून घेतलंय.

आई राखत नाहीये. आईच्या खोलीत दसऱ्यापासून आम्ही भोंगाच ठेवलेला नाही.

फोन लावला. बहिरूने उचलला, मागे कॉमेंट्री चालू. मी विचारलं, आईच्या खोलीपाशी कोणी आहे का? तो म्हणाला, "बाया बसल्यात. उपास हाय ना, खिचडी खात्यात. का हो साहेब?"

आणि मी म्हणालो, "सहज."

असं का म्हणालो? सगळ्यांना बाहेर काढा, म्हणायला तीन शब्द पुरले असते. पण कंटेनर भरायला लागलेला, हॉल रिकामा करायचा, आबा विचारणार का, आणि आत काही निघालंच नाही तर मग आपली लाज. एवढं सगळं एका क्षणात मनात आलं आणि तोंडातून 'सहज' बाहेर पडलं. ठेवल्यावर पुन्हा लावला. एंगेज. पुन्हा एंगेज. बहुतेक स्कोअर विचारायला कोणीतरी फोन धरून बसलंय.

दीपकला घरी फोन लावला, तर तो म्हणाला, सोमवारी मेंटेनन्सच्या नावाखाली जाऊ, गुपचूप बदलून येऊ, कोणाला घाबरवू नकोस. आयुष्यात पहिल्यांदाच मला कोणी असं सांगितलं आणि मला ते ऐकवलं नाही. मी म्हटलं, पूजा आहे तिथे. त्याने टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाला, तू निघ, मी फोन लावत राहतो.

प्रोग्रॅम बदललाय. आता आधी विचारायचं, हा मजकूर बसायला किती जागा लागेल, मग तेवढी जागा घ्यायची आणि मग ओतायचं. उत्तर शून्य आलं तर पाटी मरू दे, भोंगा आधी वाजवायचा. हे पहिल्या दिवशीच लिहायला हवं होतं.

सीडी झाली.

३ मार्च

काल काही लिहिता आलं नाही. आता क्रमाने लिहितो.

शनिवारी स्कूटर आडगाव, चांदोरी कशी मागे टाकत गेली मला आठवत नाही. गेटवर पोचलो तर सगळं जागच्या जागी: ट्रॅक्टर उभे, खोकी चाललेली, रेडिओ चालू. माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच वाटलं, बघ, उगीच आलास. आबा ऑफिसातच होते. मी म्हटलं, छोटी दुरुस्ती आहे. दीपकचे फोन लागलेच नव्हते.

जुना प्रोग्रॅम बंद केला, नवा चढवला, चालू केला. त्याच क्षणी भोंगा वाजला.

हॉलमधल्या पाटीवर लाल अक्षरं सरकायला लागली. वैकुंठवासी ह.भ.प. मातोश्री लंकाबाई सावळीराम पाटील, अख्खं नाव, एक अक्षर कमी नाही. हॉलमधले सगळे मान वर करून बघत राहिले. कोणी पळालं नाही. बहिरू आत आला आणि म्हणाला, "साहेब, कायतरी चुकलं. आईच्या खोलीत नाय व्हायचं." आबा उठून उभे राहिले होते. "काय केलंत तुम्ही? आधी बंद करा ते."

माझा हात माउसवर होता. बंद करणारच होतो. मलाही तेच वाटलं, की घाईघाईत मी नवी काहीतरी चूक केली. चूक माझीच असते, याची मला जन्मापासून सवय आहे.

तेवढ्यात ऑफिसच्या काचेतून दिसलं. खोलीसमोरच्या बोळातून बाया बघायला बाहेर आल्या होत्या, हातात खिचडीचे डबे. पुढे पूजा, ओढणीने डोळे पुसत. तिच्या मागे कुसाबाई म्हणून एक वयस्कर बाई, तीही पदराने डोळे पुसत होती. तिच्या मागची तिसरी, चौथी. सगळ्यांचे डोळे लालभडक. सगळ्यांना काही मनमाडचं स्थळ आलेलं नव्हतं.

मी ओरडलो. मी कधी ओरडत नाही, त्यामुळे आवाज कसा आला माहीत नाही, पण बाया पळाल्या. आबांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तेही ओरडायला लागले. बहिरू मास्क लावून आईच्या खोलीत गेला. त्याने दार उघडलं तेव्हा जो गॅसचा लोट आला तो मी ऑफिसातून, बंद काचेआडून हुंगला. आत छताजवळ, पंख्यांच्या मागे एका व्हॉल्व्हची पॅकिंग, म्हणजे गॅस गळू न देणारी दोरी, गेली होती. आधी थोडी, मग रोज थोडी जास्त. दाराच्या फटीतून बोळात यायचं ते. परवा ती पॅकिंग जवळजवळ निघूनच आली होती. बहिरू म्हणाला, अजून अर्धा-पाऊण तासाने आत जायला कोणी उरलं नसतं.

सगळ्या बाहेर आल्या. पूजा कुसाबाईला हाताला धरून आणत होती म्हणून तीच शेवटी निघाली, आणि अंगणात येऊन खाली बसली ती उठलीच नाही. श्वास लागला होता. आबांच्या जीपमधून आधी निफाडला, तिथून नाशिकला. जीपमध्ये मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. जन्मात देवाला एवढी लाच कबूल केली नव्हती.

आता ऑक्सिजनवर आहे. डॉक्टर म्हणतात धोका टळला. माझा विश्वास बसत नाही, मी तासातासाने जाऊन बघतो.

शुभांगीला सगळं सांगितलं. ती उठून आत गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

५ मार्च

पूजाची नळी काढली. घसा आतून सुजलाय, बोलायची मनाई आहे, तरी कुजबुजते. सासूबाई तिच्या पायापाशी बसून आहेत.

मी जवळ गेलो. माफी मागायची ठरवून गेलो होतो, तर ते राहिलं बाजूला. मी विचारलं, सांगितलं का नाहीस, डोळ्यांना त्रास होतोय म्हणून?

तिने मला खूण करून खाली वाकायला लावलं. "कोणी विचारलंच नाही, दाजी. तुम्ही सगळे म्हणायला लागलात, रडते, रडते. मग मलाच वाटलं, रडतच असेन." मग जरा दम खाऊन म्हणाली, "मुलगा पसंत आहे मला. पहिल्या दिवसापासून."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मी बाहेर येऊन जिन्यात बसलो. भाषण आठवलं. आईवडिलांची इज्जत, रेल्वेची नोकरी.

११ मार्च

आबांचा निरोप येईल याची भीती होती, तो आज आला. या म्हणाले, एवढंच. दीपक म्हणाला, मीही येतो, मार पडला तर अर्धा अर्धा. पोलिसांची गाडी दिसते का ते मी गेटपासून बघत होतो.

आबा आईच्या खोलीसमोर खुर्ची टाकून बसले होते. खोली रिकामी केलेली, दार सताड उघडं. संगमरवरी पाटीवरचं फूल वाळलेलं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: एवढीशी जागा, शून्य, न पाहिलेलं उत्तर, न धरलेली चिंधी. दीपक म्हणाला, नाव मी टाइप केलं होतं. आबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"भोंगा कधीपासनं बंद होता?"

"दसऱ्यापासून."

"आन् गॅस?"

"जानेवारीच्या शेवटी सुरू झाला असावा. सेन्सरने कॉम्प्युटरला रोज सांगितलंय. पडद्यावर फक्त तापमान दिसतं, आणि पुढे पाटीपर्यंत ते पोचलं नाही."

आबांनी संगमरवरी पाटीवरचं वाळलेलं फूल काढून हातात घेतलं. मला वाटलं आता उठतील आणि हात उचलतील. ते बसूनच म्हणाले, "म्हंजी आई महिनाभर वरडत होती. आन् आम्ही म्हणायचो, आई राखती."

मग म्हणाले, कॉम्प्युटरमधलं नाव बदला. मी घाईने सांगितलं की आता गरज नाही, आता कितीही मोठं नाव बसेल, एक अक्षर कमी करावं लागणार नाही. ते म्हणाले, "ठाऊक हाय. पळताना एवढं कोण वाचणार? 'आई' लिहा. तेवढं बास."

मी ऑफिसात जाऊन ते लांबलचक नाव पुसलं आणि 'आई' टाइप केलं. मग चिंधी मागितली. बहिरूने ती अमोनियात बुडवून आणली, तर आबांनी त्याच्या हातातून घेतली. सेन्सर उंचावर आहे, शिडी लावावी लागते. साठी उलटलेला माणूस, पण कोणाला चढू दिलं नाही. स्वतः चढले आणि चिंधी धरली.

भोंगा वाजला. हॉलमधून बाया शिकवल्याप्रमाणे पलीकडच्या दाराने बाहेर पडल्या, कुसाबाई सगळ्यांत पुढे. कोणी मान वर करून बघत उभं राहिलं नाही. मी खाली शिडी धरून उभा होतो, तिथून हॉलमधली पाटी दिसत होती. लाल अक्षरांत आई, गॅस, बाहेर पडा. पुन्हा आई, गॅस, बाहेर पडा. आबा चिंधी खाली घेईनात. भोंगा वाजतच राहिला, आणि ते शिडीवर उभे राहून तो ऐकत होते.

खाली उतरले तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते आणि पाणी गालांवर आलेलं होतं. गेल्या महिन्यात मी हे पाहिलं असतं तर मान दुसरीकडे वळवली असती. या वेळी मी विचारलं.

"आबा, डोळे झोंबतायत का?"

"नाय," ते म्हणाले.

मग मी ऑफिसात गेलो आणि भोंगा बंद केला.